फोटोपुरती पोती

आमच्या सोसायटीसमोर, टेकडीच्या उतारावर, नवी इमारत उभी राहते आहे. काल सकाळी तिथे वाळूच्या पोत्यांची सुरेख रांग लागलेली दिसली. पावसात माती वाहून खालच्या ओढ्यात जाऊ नये, असा नियम आहे म्हणे. तपासणीचे साहेब आले, फोटो काढले, चहा पिऊन गेले. दुपारी पोती पुन्हा टेम्पोत चढली.

मी खाली जाऊन मुकादमाला विचारलं. तो हसला. "काका, पोती आडवी आली की डंपर वळत नाही. आणि हीच पोती उद्या दुसऱ्या साइटवर लागतात ना!"

संध्याकाळी मोठी सर आली. गवताच्या मुळांनी वर्षानुवर्षं मूठमूठ धरून ठेवलेली माती तासाभरात लालभडक होऊन ओढ्यात उतरली. माझा संताप झाला, पण तो फार टिकला नाही. आमची सोसायटीही याच टेकडीवर बांधली गेली. तेव्हा मी बिल्डरकडे फक्त फ्लॅटच्या किल्ल्यांचा तगादा लावला होता. मातीचं काय, हे काही विचारलं नव्हतं.

आज आमच्याकडे कामाला येणाऱ्या शांताबाईंना उशीर झाला. त्या ओढ्याकाठच्या वस्तीत राहतात.

"विहिरीचं पाणी गाळत बसले होते," त्या म्हणाल्या. "चार पदरी फडकं लावलं तरी हंड्यात लालच. तुमची टेकडी आमच्या घरात येतीय, दादा."

मग त्यांनी आमचा नळ सोडला आणि स्वच्छ पाण्यात माझा चहाचा कप विसळला.