लाल शाईचा शेरा

अर्धापूरजवळच्या ज्या गावात मी चौथीचा वर्ग शिकवते, तेथे प्रवेशाच्या दिवशी पालक दोन वस्तू घेऊन येत: जन्माचा दाखला आणि निरगुडीची एक ओली काठी. काठी टेबलावर ठेवताना वडील म्हणत, कातडं तुमचं, हाडं आमची. माझ्या लहानपणी मुरुडला माझ्या वडिलांनीही माझ्या गुरुजींपुढे हेच शब्द उच्चारले होते आणि मी शेजारीच उभी होते. त्यामुळे नोकरीच्या पहिल्या काही वर्षांत त्या काठ्या मी निमूटपणे स्वीकारल्या, आणि वापरल्याही. मुलांना उजव्या हाताने लिहायचे असते, म्हणून डाव्या हातावर मारावे, एवढी काळजी मी घेत असे आणि तिलाच शिस्त समजत असे.

मारण्यास कायद्याने बंदी आहे हे मला ठाऊक होते. ते चूक आहे हे मात्र एका प्रशिक्षणानंतर पटले. परतल्यावर मी कपाटातल्या सगळ्या काठ्या काढल्या आणि परसबागेतल्या टोमॅटोच्या रोपांना आधार म्हणून रोवल्या. नव्या काठ्या मी परत पाठवू लागले. त्यांच्या जागी शेरावही, म्हणजे शेऱ्यांची वही, सुरू केली. प्रत्येक मुलाची एक वही. गृहपाठ झाला नाही, पाढे आले नाहीत, की लाल शाईने एक ओळ, आणि दुसऱ्या दिवशी तिच्याखाली पालकांची सही. चांगल्या कामाचीही नोंद मी त्याच वहीत, त्याच पेनाने करत असे. पाहणीला आलेल्या साहेबांनी दुसऱ्या शाळांना ही पद्धत सांगितली. मला समाधान वाटले.

त्या वर्षी वर्गात एक मुलगी होती. तिचे वडील केळीचे घड डोक्यावरून वाहून ट्रक भरण्याच्या कामावर जात. मुलगी हुशार, पण भागाकारात अडखळणारी. तिच्या वहीवर सही नियमित येत असे. दिवाळीनंतर माझ्या लक्षात आले की, सतरंजीवर भिंतीकडेच्या ओळीत बसूनही ती भिंतीला पाठ टेकत नाही. मी विचारले, तेव्हा ती पडल्याचे म्हणाली. मी ते मान्य केले. मुले पडतात.

पंधरा दिवसांनी तिचा गृहपाठ पुन्हा अपुरा होता. मी तिची शेरावही मागितली आणि लाल पेनाचे टोपण काढले. तिने वही दिली, आणि डावा हात उघडून माझ्यापुढे धरला.

“मॅडम, तुम्हीच मारा. वहीत नका लिहू.”

का, असे मी विचारले.

“तुमचं लई लागणार न्हाई. पप्पा बेल्टानं मारतेत.”

वर्गात कोणालाही आश्चर्य वाटलेले दिसले नाही. याचाच मला अधिक धक्का बसला. मी त्या दिवशी काहीही लिहिले नाही आणि शाळा सुटल्यावर तिच्यासोबत तिच्या घरी गेले.

वडील नुकतेच कामावरून आले होते. त्यांनी मला खुर्ची दिली, आईने चहा टाकला. मी विषय काढला. त्यांनी काहीच नाकारले नाही. उलट माझ्याच प्रश्नाचे त्यांना नवल वाटले.

“मॅडम, तुम्हीच तर लिहून पाठवता. काठी मी आणून दिली होती, ती तुम्ही वापस केली. मग म्या गप बसलो, तर तुम्हीच म्हणाल, ह्या बापाला लेकराची फिकीर न्हाई.”

मी वही उघडली आणि कोणत्या शेऱ्यानंतर मारले, असे विचारले. ते वहीकडे पाहत राहिले. त्यांना सही तेवढी करता येत होती, अक्षरओळख नव्हती. लाल दिसले की तक्रार, एवढे ते जाणत होते. माझ्या प्रत्येक लाल ओळीखाली त्यांनी आधी सही केली होती आणि मग पट्टा काढला होता.

पाने उलटताना माझा हात एका शेऱ्यावर थांबला. मी मुलीला तो मोठ्याने वाचायला सांगितले. तिने स्पष्ट वाचले: “आज सर्व उदाहरणे बरोबर. शाबास.” खाली वडिलांची सही होती.

“त्या दिवशी तू सांगितलं न्हाईस?” त्यांनी विचारले.

“सांगितलं होतं. तुम्ही म्हणले, खोटं बोलती.”

आई चुलीपाशी तशीच पाठमोरी बसून राहिली. वडिलांनी वही माझ्याकडून घेतली, ते पान डोळ्यांजवळ नेले, मग दूर धरले. त्यांनी मला विचारले, शाबास कुठे लिहिले आहे. मी तो शब्द दाखवला. त्यांनी त्यावर बोट ठेवले आणि ते तिथेच राहू दिले. यापुढे मारणार नाही, असे ते म्हणाले नाहीत. लिहू नका, येऊन तोंडी सांगत जा, एवढेच म्हणाले.

मी तसे करते. शेरावह्या बंद केल्या. दर शनिवारी शाळेनंतर दोन-तीन घरी जाते आणि चांगले आधी सांगते. काही घरांत ऐकतात. काही घरांत मी उठल्यावर काय होते, ते मला माहीत नाही, आणि ज्यांच्या घरी मी कधी गेलेच नाही, त्यांच्या जुन्या वह्यांतल्या सह्या आता मला पाहवत नाहीत.

ती मुलगी आता भिंतीला टेकून बसते. वह्या मी निळ्या पेनाने तपासते. तरीही टोपण निघाल्याचा आवाज झाला, की तिचा डावा हात थोडा वर येतो आणि मग लक्षात येऊन ती तो खाली घेते. म्हणून मुले वर्गात येण्याआधीच मी पेनाचे टोपण काढून ठेवते.