मागच्या सीटवरचे काका

माझ्या काकांनी अर्ध्या गावाला गाडी शिकवली, पण काकूला नाही. त्यांच्या ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत शिक्षकाच्या पायाशीही एक ब्रेक आहे, आणि काकांचा उजवा पाय जन्मभर त्या ब्रेकवर राहिला. बायकोला गाडी शिकवली की संसार मोडतो, असं त्यांचं ठाम मत. काकू काय कमी आहे? तिनं पलीकडच्या गल्लीतल्या दुसऱ्याच स्कूलमधून गुपचूप लायसन्स काढलं आणि काकांच्या चहाच्या कपाशेजारी ठेवलं. काका आठवडाभर बोलले नाहीत. किल्ली तर त्यांनी तिला कधीच दिली नाही.

मग एका शिकाऊ गृहस्थानं हँडब्रेक न ओढताच गाडी उतारावर सोडली. काका तिला अडवायला धावले, फुटपाथच्या कडेवरून तोच उजवा पाय घसरून मुरगळला आणि गुडघ्यातलं लिगामेंट तुटलं. गाडी पुढे जाऊन एका कुंडीला टेकली आणि आपली आपण थांबली. कुंडीला ओरखडासुद्धा नाही!

ऑपरेशन होऊन नवं लिगामेंट बसलं, आणि मांडीपासून पोटरीपर्यंत ब्रेस आला. त्याला दोन्ही बाजूंना बिजागऱ्या, आणि पाय वाकू नये म्हणून त्यांना कुलूप. फिजिओथेरपीच्या बाई वयानं लहान, पण जिभेला धार. त्या म्हणाल्या, "मांडी आवळा. गुडघा गादीत दाबा." काकांनी दात आवळले, मुठी आवळल्या. मांडी ढिम्म. ऑपरेशननंतर तो स्नायू असा रुसून बसतो म्हणे.

"तुमचे तुम्ही पाय सरळ उचलाल, तेव्हाच कुलूप उघडेन," बाईंनी सांगितलं.

काका घरी येऊन भिंतीकडे तोंड करून पडले. "हा पाय ब्रेकवर गेला नाही, तर मी करू काय गं?" त्यांनी मला विचारलं. फार घाबरले होते ते.

दवाखान्याच्या पुढच्या खेपेला काकूनं खिळ्यावरची किल्ली उचलली. वाद घालायला काका उठून उभे तर राहायला हवेत! त्यांना मागच्या सीटवर आडवं बसवलं, दाराला पाठ, पाय लांब. त्यांच्या हक्काच्या जागेवर, पुढे, मी.

"पुतणे, ब्रेकवर पाय ठेव!" मागून हुकूम.

"पाय वर घे," काकू म्हणाली. मी मांडी घालून बसले. खरी सत्ता कुणाची, हे मला लहानपणापासून कळतं.

मग जी गंमत सुरू झाली! काकू झकास चालवत होती, पण काकांना प्रत्येक वळणावर यम दिसत होता. "अगं बस! बस! ब्रेक!" काका जीव मुठीत धरून ओरडायचे आणि नसलेला ब्रेक करकचून दाबायचे. त्यांची टाच पलीकडच्या दारावर धाडधाड आपटत होती.

दवाखान्यात बाईंनी मांडीला हात लावला आणि चमकल्याच. "ही घट्ट झाली की! कुठला व्यायाम केलात?"

"जिवंत राहण्याचा," काका म्हणाले. "उघडा आता कुलूप."

"उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग," काकू म्हणाली. बाई इतक्या हसल्या की त्यांना खुर्ची शोधावी लागली.

तेव्हापासून घरातही गाडी सुरू झाली. काका पलंगावर पाय पसरून, काकू समोर स्टुलावर, हातात पातेल्याचं झाकण. "सिग्नल लाल झालाय, पण मी जाणार. समोरून ट्रक येतोय, मी पदर सावरतेय." काकांना सगळं खोटं आहे हे ठाऊक, तरी मांडी टणक! मी हसून हसून जमिनीवर लोळत होते.

आणि मग घोटाळा झाला. तपासणीच्या दिवशी गाडीत मागून ओरडा येईना. वळून पाहिलं, तर काका चक्क घोरत होते. चालत्या गाडीत या माणसानं जन्मात डोळा मिटला नव्हता. काकूनं आरशात पाहिलं आणि गाडी आणखी हळू घेतली.

दवाखान्यात काकांना पाय काही उचलवेना. ब्रेसमधल्या पायाची टाच गादीला चिकटलेली. काका रडवेले झाले. "अगं, ट्रक आण ना एखादा."

"आणते की. पण तुम्ही आता घाबरता कुठे?" काकूनं त्यांच्या कपाळावरचा घाम पुसला आणि शांतपणे म्हणाली, "उद्यापासून मी आपल्या स्कूलमध्ये शिकवायला येतेय."

"काय?"

पाय वर! सरळ, ताठ, गादीपासून हातभर उंच. बाईंनी टाळ्या वाजवल्या, मी उड्या मारल्या. बाई कुलूप उघडायला वाकल्या, तरी काकांचं लक्ष काकूकडेच.

"गंमत केलीस ना?"

"नाही," काकू म्हणाली.

काकांचा पाय अजून हवेतच होता.

"सकाळची बॅच घे," ते म्हणाले. "सकाळी रस्ते मोकळे असतात."