शंकरपटातील चौपट जागा

माझा आतेभाऊ वसंत याने परवा येथे आमच्या गावच्या शंकरपटाची, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यतीची, हकिगत लिहिली. प्रेमाने लिहिली, पण चुकीची लिहिली. मी त्या दिवशी गावाला विज्ञान समजावून सांगितले, असे तो म्हणतो... मी काहीही समजावले नव्हते, कारण ते मलाच समजले नव्हते.

गाव वडनेरजवळचे. शर्यतीची रेषा ओलांडली की धुरकरी कासरे ओढून बैलजोडी आवरीत असे आणि ती पुढच्या दोरीच्या आत थांबत असे. दोरीपलीकडे बायका व लेकरे बसत. त्या वर्षी माझी धाकटी बहीण शकू अगदी पुढे बसली होती.

त्या वर्षी एक नवी जोडी आली होती, नेहमीच्या जोड्यांहून दुप्पट वेगाने पळणारी. म्हणून पंचांनी दोरी दुप्पट अंतरावर बांधली. हिशेब कोणालाही पटावा असाच होता... मलाही पटला.

परंतु नागपूरच्या कॉलेजात मी नुकतेच शिकलो होतो की, गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढते आणि ती काढून घेण्यास तितकेच कार्य करावे लागते. ओढ तीच असेल, तर दुप्पट वेगाला अंतर चौपट. कागदावर हे सरळ होते. मैदानावर मात्र डोके चालेना... थांबायला वेळ दुप्पटच लागणार, मग जागा चौपट कशी?

तरीही मी नामदेवमामांना गाठले. ते पंचांत वडील होते.

"दुप्पट पळते त दुप्पट जागा सोडली ना बाबू. आता चौपट काऊन?"

सूत्र तसे आहे, एवढेच मी म्हणालो. कॉलेजात आता बैल शिकवून राह्यले काय, असे कोणीतरी विचारले आणि सगळे हसले.

मामा हसले नाहीत. माझ्या तोंडाकडे पाहत म्हणाले, "याले सांगता येत नाई, पण याची बहीण बसली हाय तिथं. दोरी मांगे घ्या."

बायका कुरकुरत उठल्या. जोडी आली... दोरीची आधीची जागा धुरळ्यात केव्हाच मागे पडली. धुरकरी जवळजवळ आडवा होऊन कासरे ओढत होता. नव्या दोरीच्या थोडी अलीकडे बैल थांबले.

लोकांनी माझी पाठ थोपटली. मी मात्र गोंधळूनच उभा होतो. ते सूत्र मी आजही सिद्ध करून दाखवीन; बैलांनी ते कसे पाळले, हे मला अजून उमगलेले नाही. न समजलेल्या गोष्टीवर मामांनी विश्वास ठेवला, त्याबद्दल त्यांचा ऋणी आहे.

आता वसंताच्या तारखा.
तो शंकरपट १९५५ चा नव्हे, १९५७ चा.
दिवस संक्रांतीचा नव्हे, तिच्यानंतरच्या रविवारचा.
शकूचे लग्न त्याआधी झालेले नव्हते. ते त्यानंतरच्या वैशाखात झाले.