उरलेलं औषध

सेंगलाला कुठलंच काम हात राखून करता येत नसे. भात वाढला तर ताटाबाहेर सांडेल इतका, रडली तर पार ओढ्यापलीकडे ऐकू जाईल असं. फांग गावच्या डोंगराखाली तिची संत्र्यांची बाग. नवरा खामसाय गेला, तेव्हा त्याची राख तिने त्यानेच लावलेल्या पहिल्या झाडाच्या मुळाशी पुरली. "एवढं झाड मरू देऊ नकोस गं," असं तो जाताना म्हणाला होता.

पुढे बागांवर पिवळा रोग आला. सगळ्यांनी केलं तेच तिनेही केलं. माणसांच्या अँटिबायोटिकच्या कॅप्सूल फोडून पाण्यात कालवायच्या, खोडाला भोक पाडायचं आणि सुईने औषध आत सोडायचं. झाडं सावरली. बादलीच्या तळाशी उरायचं ते बाकीचे फेकून देत, पण सेंगलाचा जीव कुठला व्हायला! विहारातून आल्यावर मेलेल्यांच्या नावाने बुंध्याशी पाणी सोडतात ना, तशीच ती उरलेल्या औषधाची धार पहिल्या झाडाखाली सोडी. डोळे मिटून, खामसायचं नाव घेऊन. दर खेपेला, त्याच झाडाला.

शेजारच्या बागेतला दीर इंथा खदाखदा हसायचा. "वहिनी, दादा जिवंतपणी साधी गोळी घ्यायला रडायचा. आता मेल्यावर पाजतेस होय?"

"गप रे मेल्या! स्वतःच्या झाडांकडे बघ आधी."

आणि यंदा काय झालं? सगळी बाग हिरवीगार आणि तेवढं एकच झाड पिवळं. सेंगलाच्या तोंडचं पाणी पळालं. तिने शेण घातलं, खत घातलं, औषधाची धार दुप्पट केली. झाड आणखीच वाळत गेलं.

शेवटी इंथानेच शेतकी कचेरीतल्या बाईंना हाताला धरून आणलं. बाईंनी तिथली माती उकरली, हुंगली आणि विचारलं, "इथे काय ओतता, मावशी?"

सेंगलाने अगदी कौतुकाने सांगितलं.

बाईंचा चेहरा उतरला. "अहो, मातीत डोळ्यांना न दिसणारे जीव असतात. पाला, शेण कुजवून तेच झाडाला खायला देतात. तुमच्या औषधाने तेच मेले. कोठार भरलंय मावशी, पण रांधणारंच कुणी उरलं नाही."

"वहिनी..." म्हणत इंथा तिच्याजवळ सरकला.

"मग राख काढते मी त्याची! दुसऱ्या झाडाखाली ठेवते!" असं ओरडत सेंगला गुडघ्यांवर बसली आणि हातांनीच उकरू लागली. वर गेल्या पावसाळ्यातला पाला होता, पानन् पान शाबूत. त्याखाली भाताचा पेंढा, तसाच कडक. त्याच्याही खाली केळीच्या पानाचा द्रोण लागला. खामसायच्या वर्षश्राद्धाला तिनेच फुलं भरून पुरलेला. बाजूच्या झाडाखाली असा द्रोण महिन्याभरात दिसेनासा होतो. याच्या टोचलेल्या काड्यासुद्धा जागच्या हलल्या नव्हत्या. आत झेंडूची फुलं वाळून बसली होती, पाकळ्यांसकट.

तिने मूठभर माती नाकाशी नेली. कसलाच वास नाही.

"इंथा, हुंग रे! हुंग ना! येतोय का वास?"

इंथाने मान फिरवली.

सेंगला द्रोण पोटाशी धरून तिथेच कोसळली. "माझ्या हाताने रे! तुझं नाव घेऊन, माझ्या हाताने पाजलं मी!"