पडल्याचा डॅमेज

वरठीच्या स्टेशनवर गाडीची वाट पाहत तो माझ्या शेजारी बसला होता. वय पन्नाशीचं, डावा पाय प्लास्टरमध्ये आणि दोन्ही अंगठे मोबाइलवरच्या बंदुकीच्या खेळात. मी डोकावतोय हे पाहून त्यानं मास्तरासारखं शिकवायला सुरुवात केली.

"गोळीचा डॅमेज जाकीट खाते. आगीचा थोडा थोडा करून जीव घेते. पण पडल्याचा डॅमेज सरळ जिवावर येते, त्याले जाकीट रोकत नाही."

"आणि हा पाय?" मी विचारलं.

"हाही पडल्याचाच. घरात रेंज नव्हती, म्हणून खेळाले आंब्यावर चढलो. खेळातला माहा गडी माडीवरून पडला, अन् त्याच्यासंगं मीही झाडावरून. तो पट्टी बांधून धावाले लागला. मी महिन्यापासून असाच आहो."

"घरचे घाबरले असतील."

"बायको धावत आली," तो अभिमानानं म्हणाला. "आधी मोबाइल उचलला तिनं. तसा तो तिचाच आहे."

तेवढ्यात तिचा फोन आला, बहुतेक शेजारणीच्या मोबाइलवरून. अख्ख्या लढाईत न डगमगलेला माणूस दचकून ताठ बसला.

"नाही वं, खेळून नाही राहिलो," तो म्हणाला. "गाडीचा टाइम पाहून राहिलो."