पाहुणा वेल्डर

आमच्या वेल्डिंग शॉपमधले किस्से लिहायचे म्हटले तर वही पुरणार नाही, आणि विसरायचे म्हटले तर बबन विसरू देत नाही. नगरच्या एमआयडीसीत आम्ही ट्रॅक्टरच्या डिझेल टाक्या बनवतो. मी क्वालिटीत. टाकी पास की रिजेक्ट, सही माझी. भिंगारहून स्कूटीवर येते आणि कुणाच्या बापाला भीत नाही, एवढी ओळख पुरे.

*

रोबोट आला त्याच दिवशी मॅनेजरसाहेबांनी शब्बीरभाईंच्या हातात कागद दिला. आधी रोबोटला शिकवायचं, मग स्वेच्छानिवृत्तीची सही करायची. बावीस वर्षं टाक्यांचे जोड मारलेला माणूस, धाकटी लेक अजून संगमनेरला कॉलेजात. मला भयंकर राग आला. शब्बीरभाईंनी मात्र कागदाची घडी करून खिशात ठेवली. "शिकवतो. सहीचं बघू."

बबन तिसगावचा, त्यांच्याच हाताखाली तयार झालेला वेल्डर. तो म्हणाला, "चहा न्हाई, डबा न्हाई, ह्याला घरचा कसा म्हनायचा?" तेव्हापासून रोबोटचं नाव पाहुणा.

*

रोबोट बसवायला पुण्याहून अनिकेत नावाचा इंजिनिअर आला होता. पोरगा चांगला. आम्ही घाबरू नये म्हणून त्याने चहाच्या सुट्टीत एक जुनी विज्ञानकथा सांगितली. त्यातले रोबोट माणसाला इजा करूच शकत नाहीत, तसा नियमच असतो.

"गोष्ट लई भारी हाय," बबन म्हणाला. "मग ह्यो आला त्याच दिवशी शब्बीरभाईंना कागद कसा मिळाला?"

"तो रोबोटने थोडाच दिला? माणसाने दिला."

"मंग त्यो नियम सायबाला लावा की."

*

शिकवणी मजेची होती. शब्बीरभाई रोबोटचा हात धरून टाकीवरून फिरवायचे आणि तो तसंच्या तसं लक्षात ठेवायचा. जोड सुरू करण्याआधी शब्बीरभाई क्षणभर थांबतात, ओठ हलवतात, मगच ठिणगी पाडतात. बावीस वर्षांत ते कधी चुकलं नाही. पाहुण्याने तो थांबासुद्धा उचलला.

*

खंडेनवमीला आमच्याकडे सगळ्या मशिनींची पूजा होते. नारळ शब्बीरभाई फोडतात, रिवाजच आहे. हार वाळल्याशिवाय काढायचा नाही, हाही रिवाज. बबनने पाहुण्याभोवतीच्या जाळीच्या पिंजऱ्याच्या दाराला झेंडूचा चांगला लांबलचक हार बांधला.

दसऱ्यानंतर शिफ्ट सुरू झाली, पण पाहुणा जागचा हलेना. दारात किरणांचा पडदा असतो, माणूस आत शिरला की रोबोट बंद. पंख्याच्या वाऱ्याने हार नेमका त्या पडद्यात झुलत होता.

अनिकेतने पुण्याहून फोनवर विचारलं, "आत माणूस कोण आहे?"

"मानूस न्हाई, झेंडू हाय," बबनने सांगितलं.

साहेब म्हणाले, हार काढा. एकानेही हात लावला नाही. शेवटी साहेब स्वतः पुढे झाले, पूजेच्या नारळाकडे बघितलं आणि परत फिरले. हार वाळेपर्यंत सगळ्या टाक्या शब्बीरभाईंनी हाताने जोडल्या. मी एकही रिजेक्ट केली नाही.

*

मग साहेबांना पाहुण्याचा तो थांबा खुपायला लागला. "दर जोडाआधी उभा काय राहतो? वेळ जातो. काढून टाका." अनिकेतने काढला.

दुसऱ्या दिवशी गळती तपासायला टाक्या पाण्यात बुडवल्या तर बुडबुडेच बुडबुडे. प्रत्येक जोडाच्या सुरुवातीला बारीक छिद्रं. जोडाला हवेपासून जपणारा गॅस पोचायच्या आधीच ठिणगी पडत होती, हे अनिकेतला नंतर कळलं.

"किरकोळ आहे मॅडम, पास करा," साहेब म्हणाले.

मी पेनाचं टोपण लावलं. "कुणाच्या तरी ट्रॅक्टरखाली डिझेल गळणार. माझी सही मिळणार नाही."

झक मारत साहेबांनी शब्बीरभाईंना बोलावलं, पुन्हा शिकवा म्हणून. त्यांनी खिशातला कागद काढून टेबलावर ठेवला. सहीची जागा अजून कोरीच होती. "साहेब, आधी ह्याचं काय ते करा."

साहेबांनी तो आमच्यासमोर फाडला. शब्बीरभाईंनी हातमोजे चढवले.

*

मागच्या महिन्यात टाक्या घेणाऱ्या कंपनीचे मोठे साहेब पाहणीला आले. पाहुण्यासमोर बराच वेळ उभे राहिले.

"हा प्रत्येक जोडाआधी थांबून काय करतो?"

मॅनेजरसाहेबांनी पाहणीसाठी पुण्याहून आलेल्या अनिकेतकडे बघितलं, अनिकेतने माझ्याकडे. शब्बीरभाई मान खाली घालून चष्म्याची काच पुसत राहिले.

"बिस्मिल्ला म्हंतो सायेब," बबन म्हणाला. "हितं त्याशिवाय जोड लागत न्हाई."