के त्रेचाळीस

पॉलच्या तळपायाची आग मस्तकात गेली ती ‘बिगिनर’ या एका शब्दाने. वसईचा हा माणूस बहारीनच्या एका हॉस्पिटलात एक्स-रे काढतो आणि गेली नऊ वर्षं दर शुक्रवारी अरादच्या खाडीवर पक्षी मोजतो. पार उत्तर ध्रुवाजवळच्या, झाडं नसलेल्या टुंड्रात जन्मलेले चिमणीएवढे पक्षी हिवाळ्यात तिथल्या चिखलात उतरतात. मागच्या शुक्रवारी त्यांतल्या एकाच्या पायात पिवळी पट्टी दिसली, पट्टीवर नंबर. नऊ वर्षांत पहिल्यांदा! वहीत टिपलेला तो नंबर मुलीने, सॅब्रिनाने, टुंड्रात पट्ट्या घालणाऱ्या संस्थेला कळवला. उत्तर आलं : असा नंबर आम्ही घातलेलाच नाही, बिगिनर लोकांची अशी चूक होते.

“बिगिनर? मी?” पॉल जेवणाच्या टेबलावर गरजला. बायको सिसिलियाने भाताचं भांडं पुढे सरकवलं.

एप्रिल संपत आला होता. पक्षी आज-उद्या टुंड्राकडे उडणार, आणि त्याआधी नंबर पुन्हा दिसला नाही तर आपण खोटे ठरणार, हे पॉलच्या डोक्यात पक्कं बसलं. या शुक्रवारी उजाडताच तो दुर्बीण घेऊन अरादला गेला. पक्षी सापडलाही. पण सापडून उपयोग काय? बेटा एका पायावर उभा, आणि पट्टीचा पाय नेमका पोटाच्या पिसांत! फोटो काढावा तर फोनमध्ये नुसता ठिपका. तास गेला, दोन गेले. शर्ट पाठीला चिकटला. फिरायला आलेल्या एकाने विचारलं, “क्या देख रहे हो, भाई?”

“उसका पाय!” पॉल खेकसला. तो बिचारा दोन पावलं मागेच सरकला.

शेवटी भरतीचं पाणी पोटाला लागलं तेव्हा कुठे स्वारीने दुसरा पाय खाली टेकला. नंबर तोच, मागच्या शुक्रवारचा. पॉल तडक घरी आला.

“लिही त्यांना! के त्रेचाळीसच आहे म्हणावं!”

“त्रेचाळीस मीन्स?” सॅब्रिनाने विचारलं.

“फॉर्टी-थ्री!”

“बट पप्पा, यू रोट एटी-थ्री.”

तिने वही आणली. इंग्रजी के, आणि पुढे मराठीत ४३. तिचं बोट ४ वर होतं. ईसा टाउनच्या इंग्रजी शाळेत बारावीला पोचलेल्या पोरीने तो आठ वाचला होता.

भांडायची सगळी तयारी करून आलेला पॉल खुर्चीत बसला. भांडणार कोणाशी? सतरा वर्षं पोर घरात आहे आणि आपण तिला साधा चार शिकवला नाही, याची त्याला लाज वाटली, आणि स्वतःचाच भयंकर राग आला.

“सॉरी पप्पा. मी आत्ता मेल करते.”

मेल गेला. मग ती सहजच वहीची मागची पानं चाळू लागली. नऊ वर्षांच्या पक्ष्यांचे आकडे, सगळे वसईच्या मराठी शाळेत गिरवलेल्या वळणाचे.

“आणि हा नाइन ना, पप्पा?”

तो एक होता.